किल्ली काढल्यानंतर

बान जेग्यूची गाडी त्या शनिवारी दुपारी, कोरियात, जेचन गावाहून तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जळून खाक झाली. एकदा सांगून टाकलं की मनावर ओझं राहत नाही. आता असं काही झालंच नाही असं धरून चालू. गाडीत बसलेली चौघंही अगदी तेच करत होती.

जेग्यूनं उजवा गुडघा हळूच वर उचलला आणि स्टिअरिंगखालच्या काळ्या प्लास्टिकला टेकवून पाहिला. स्टेशनातून पाहुण्यांना घेऊन निघताना ते कोमट होतं. गावाबाहेरच्या पुलावर भाताच्या वाटीइतकं ऊन झालं. आता पँटच्या कापडातूनही चटका बसला. त्यानं गुडघा काढून घेतला आणि आरशात बघून हसला.

आरशातून नामगुंग पतिपत्नी परत हसली.

त्यांचा मुलगा ग्युजिन आणि जेग्यूची मुलगी दासोम यांनी आपलं आपण जमवलं होतं. राहिलं होतं ते एवढंच, की दोन्हीकडच्या आईबापांनी एकदा समोरासमोर बसून जेवायचं. तळ्याकाठच्या हॉटेलात वेगळी खोली घेतली होती, मुलं तिथं आधीच जाऊन बसली होती. जेवण नीट पार पडलं की लग्न ठरलं. नाही पडलं, तर कोणी काही बोलत नाही. फक्त नंतर फोन येत नाही.

फोन न येणं कसं असतं ते जेग्यूला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी दासोमचंच एक स्थळ होतं. त्या मंडळींना आणायला तो धाकट्या भावाचा टेम्पो घेऊन गेला होता. नोव्हेंबर होता, मागं किमचीच्या लोणच्यासाठीचा कोबी भरलेला होता. मुलाची आई कोबीला खेटून बसली, कोबी फार घट्ट आणि छान आहे म्हणाली, आणि त्यानंतर फोन आला नाही. दासोम पंधरा दिवस कोबीला हात लावत नव्हती.

त्या महिन्यातच जेग्यूनं ही गाडी घेतली. काळी, लांबलचक, परदेशी. त्यानं सिमेंटच्या कारखान्यात उभी हयात काढली होती, आणि त्या काळात अशा गाडीतून फक्त कारखान्याचे मालक उतरत. आता मालकांनी नव्या गाड्या घेतल्या होत्या आणि ही कोणालाच नको होती. जेग्यूला हवी होती. त्यातून आता दासोम म्हणाली होती, की नामगुंगांच्या घरात पाच पियानो आहेत. पाच पियानोंपुढं टेम्पो उभा करणं त्याला या जन्मात जमलं नसतं.

"गाडीत काय सुरेख ऊब आहे हो," मागून ग्युजिनची आई म्हणाली.

"मुद्दाम हीटर लावून ठेवलाय," जेग्यू म्हणाला.

हीटर बंद होता. शेजारी बसलेल्या ओक्सूननं, म्हणजे त्याच्या बायकोनं, हीटरच्या बटणाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं, आणि मग खिडकीबाहेरच्या डोंगरांकडे पाहायला लागली. तेहतीस वर्षांच्या संसारात तिनं डोंगरांकडे इतकं निरखून कधीच पाहिलं नव्हतं.

गाडीत काय बिघडलं आहे हे जेग्यूला ठाऊक होतं. मंगळवारीच गॅरेजवाल्या मेंगनं स्टिअरिंगखाली डोकं घालून, नाक वर ओढून, निकाल दिला होता.

"मॅनेजरसाहेब, किल्लीमागचा स्विच वितळतोय. इग्निशनचा. रात्री गाडी कुठं लावता?"

"आमच्या इमारतीत जागा कुठाय? दुसऱ्यांच्या गाड्यांपुढं आडवी लावतो. न्यूट्रलला ठेवतो, म्हणजे सकाळी ज्याला जायचंय त्यानं ढकलावी आणि जावं. सगळेच तसं करतात."

"सगळ्यांच्या गाड्यांची किल्ली न्यूट्रलला निघते. हिची निघते का?"

निघत नसे. जुन्या मोठ्या गाड्यांची ही खोड. गियर पार्किंगला नेल्याशिवाय किल्ली सोडत नाहीत. म्हणून जेग्यू रोज संध्याकाळी किल्ली अर्धवट फिरवून आतच ठेवायचा आणि बाहेरून दुसऱ्या किल्लीनं दार लावायचा. शेजारी त्याला फार समजूतदार माणूस मानत.

"दोन वर्षं रात्रभर अर्धा स्विच चालू," मेंग म्हणाला. "दोन बॅटऱ्या बदलल्यात, तेव्हा नाही का वाटलं काही? दुसऱ्यांना ढकलायला सोपं जावं म्हणून तुम्ही स्वतःची गाडी आतून भाजताय. ह्या गाड्या उभ्याउभ्या पेटतात, साहेब. चालवायचीही गरज नसते. स्विच परदेशातून यायला तीन आठवडे लागतील. तोवर हिच्यात कोणाला बसवू नका."

"मी बसलो तर?"

"तुमची मर्जी. पण व्याह्याबिह्याला बसवू नका."

मेंगला व्याह्यांचं काही माहीत नव्हतं. तो असंच बोलायचा. जेग्यू मात्र ते चार दिवस मनात घोळवत बसला आणि शेवटी त्यानं स्वतःची समजूत घातली, की स्टेशन ते हॉटेल म्हणजे काही समुद्रापार जायचं नाही.

"अहो," ग्युजिनची आई म्हणाली, "कसलासा खमंग वास येतोय, नाही?"

वास खमंग नव्हता. प्लास्टिकचं भांडं विसरून विस्तवावर राहिलं तर येईल तसा होता. नामगुंगांनी तोंड उघडलं. आरशात जेग्यूला दिसलं, की त्यांच्या बायकोचं कोपर हललं आणि त्यांचं तोंड मिटलं. स्टेशनापासून हे असंच चाललं होतं. ते काहीतरी बोलायला जात आणि कोपर हले. नाराज आहेत, जेग्यूच्या मनानं घेतलं. बाई सांभाळून घेतायत.

"तो मासा," जेग्यू म्हणाला.

"मासा?"

"गाडीची पूजा केली ना, तेव्हाचा सुका मासा. दोरा गुंडाळून ठेवलेला. सगळे डिकीत ठेवतात. आमच्या हिनं इथं पुढं, ह्या प्लास्टिकच्या आत खोचलाय. संकट पुढूनच येणार म्हणे, तर राखणदार मागं बसून काय करेल."

"किती विचार करतात!" ग्युजिनची आई ओक्सूनला म्हणाली. "आमच्याकडे एवढा विचार कोणी करत नाही."

ओक्सून मान वळवून गोड हसली. मग मान पुढं करून, ओठ न हलवता, म्हणाली, "दासोमचे बाबा, तुमच्या बाहीतून धूर येतोय."

बाहीतून नव्हता. स्टिअरिंगच्या फटीतून, किल्लीच्या भोवतीनं, उदबत्तीएवढी एक बारीक रेघ वर येत होती आणि त्याच्या बाहीला वळसा घालून काचेकडे जात होती. जेग्यूनं आपली खिडकी खाली करायचं बटण दाबलं. खिडकी हलली नाही. वायपर सुरू झाले.

आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. कोरड्या काचेवर वायपर करकरत इकडून तिकडे फिरायला लागले. जेग्यूनं ते बंद करायची दांडी ओढली, तर रेडिओ लागला आणि कोणी बाई कोबी खारवताना मीठ किती घालावं ते सांगू लागली.



"काच स्वच्छ ठेवायची सवय," नामगुंग घसा खाकरून, एकेक शब्द तोलून म्हणाले, "चांगली."

जेग्यूला कपाळावरचा घाम पुसायचा होता, पण घाम पुसणारा माणूस काहीतरी लपवतोय असं दिसतं. त्यानं तो गालावरून ओघळू दिला. पुढं वळण संपलं आणि समोर डोंगराच्या पोटात बोगद्याचं तोंड दिसलं. लांब बोगदा होता. आत थांबायला जागा नव्हती, आणि आत काही झालं तर बाहेर येणारा फक्त धूर असतो, हे सगळ्यांना माहीत असतं. मागं पाच पियानोंचे मालक होते. हॉटेलात दासोम होती, नवा कोट घालून. ती सकाळी म्हणाली होती, बाबा, टॅक्सीनं आणा ना त्यांना. तेव्हा तो रागावला होता. टॅक्सीनं? आपल्या दारात एवढी गाडी असताना?

बोगद्याच्या अलीकडे झोप आलेल्या ड्रायव्हरांसाठी रस्त्याकडेला केलेला एक थांबा होता. जेग्यूचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर होता. बोगदा आधी नारळाएवढा, मग मडक्याएवढा, मग दरवाज्याएवढा झाला. मग त्याचा पाय, त्याला न विचारता, ब्रेकवर गेला.

"जरा हवा खाऊ या का?" तो म्हणाला. "इथून देखावा फार छान दिसतो."

समोर शौचालय होतं आणि त्यामागं सिमेंटची कोठी.

"वा," ग्युजिनची आई म्हणाली.

जेग्यूनं गाडी थांबवली, गियर पार्किंगला नेला, किल्ली फिरवली आणि काढली. किल्ली इतकी तापली होती, की त्यानं ती एका हातातून दुसऱ्या हातात टाकली, आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की इंजिन चालूच आहे. वायपर चालू होते. मिठाचं प्रमाणही चालू होतं. किल्ली हातात आणि गाडी सुरू. जणू इतके दिवस किल्ली फक्त शोभेला होती.

"नव्या पद्धतीची दिसते," नामगुंग म्हणाले. "किल्लीशिवाय चालणारी."

कोपर हललं.

जेग्यू उतरला, सवयीनं दार हळूच लोटून बंद केलं आणि मागचं दार पाहुण्यांसाठी उघडायला धावत फेरी घालून पलीकडे गेला. मागचं दार तो नेहमी दोन्ही हातांनी, किंचित वाकून उघडत असे. आरशासमोर सराव केला होता. ओक्सूनही उतरली. जेग्यूनं मागच्या दाराच्या मुठीला हात घातला, आणि त्याच क्षणी गाडीनं खटकन् सगळे खटके लावून घेतले.

मूठ हलेना. त्यानं ओढलं, पुन्हा ओढलं, वाकून ओढायचं विसरून ओढलं. आत नामगुंगांनी खटका वर उचलायचा प्रयत्न केला, खिडकीचं बटण दाबलं, मग दोन्ही. काहीच झालं नाही. स्टिअरिंगखाली आता रेघ नव्हती, राखाडी लोट होता, आणि त्याच्या बुडाशी काहीतरी नारिंगी लुकलुकत होतं.

"काय झालं?" आतून ग्युजिनची आई.

"काही नाही!" जेग्यू ओरडला. "दार जरा लाजतंय!"

"दासोमचे बाबा," ओक्सून म्हणाली, "माझं दार उघडं आहे."

खरंच होतं. ती दार कधीच नीट लावत नसे. दोन वर्षं तो तिला त्यावरून बोलत होता, की ही काय टेम्पोची फळी आहे का.

ओक्सूननं पुढच्या दारातून आत डोकं घातलं. "दोन सीटच्या मधून पुढं या. पटकन. माझा हात धरा."

आत कोणी हललं नाही.

"तुम्ही आधी या," नामगुंग बायकोला म्हणाले.

"तुम्ही आधी. तुम्ही मोठे."

"ग्युजिनची आई, धूर होतोय."

"म्हणूनच म्हणते, तुम्ही आधी." मग खोकल्याची एक उबळ, आणि मग अगदी खालच्या आवाजात, पण जेग्यूला स्पष्ट ऐकू गेलं असं, ती म्हणाली, "ह्या स्कर्टमध्ये मी तिथून ओणवी होऊन कशी येऊ? दासोमचे बाबा समोर उभे आहेत."

कोरियातला कुठलाही माणूस इथं काय करेल ते जेग्यूनं केलं. त्यानं पाठ फिरवली.

पेटत्या गाडीकडे पाठ करून, हात शरीराशी ताठ धरून, तो सिमेंटच्या कोठीकडे बघत उभा राहिला. मुठीत किल्ली होती आणि ती तळहातात रुतत होती. मागं रेडिओवरची बाई म्हणाली, की पानं मऊ पडेपर्यंत थांबावं, घाई करू नये. काहीतरी फाटल्याचा आवाज आला. ओक्सून म्हणाली, "पाय इकडं, पाय इकडं, राहू देत ते बूट." कोणीतरी धपकन जमिनीवर पडलं. एकच धपका. जेग्यू दुसऱ्याची वाट बघत राहिला. दुसरा येईना. कोठीवर दोन कबुतरं बसली होती आणि त्यातलं एक दुसऱ्याला चोचीनं टोचत होतं. जेग्यूच्या ओठांवर एक वाक्य आलं होतं, स्टेशनावरच म्हणायला हवं होतं ते: गाडी खराब आहे, यात बसू नका. आता ते कोणाला सांगायचं, कबुतरांना?

"वळू का?" त्यानं विचारलं.

"थांबा!" ग्युजिनची आई म्हणाली. म्हणजे ती बाहेर होती.

मग मोठा खोकला. मग दुसरा धपका.

"आता वळा," नामगुंग म्हणाले.

चौघं रस्त्याकडेच्या कठड्यापलीकडे, उतारावरच्या वाळल्या गवतात जाऊन बसली. ग्युजिनच्या आईचे दोन्ही बूट आत राहिले होते. ओक्सूननं आपले दोन्ही काढून तिच्यापुढं ठेवले. तिनं नको नको म्हटलं, ओक्सूननं घ्या घ्या म्हटलं, आणि शेवटी एकेक वाटून घेतला. गाडीच्या काचा आतून काळ्या झाल्या, मग एक फुटली. वायपर बराच वेळ टिकले. इंजिन शेवटी आपणहून बंद पडलं, तेव्हा ते इतके दिवस किती आवाज करत होतं हे कळलं.

ओक्सूननं अग्निशमन दलाला फोन केला. तो ठेवते न ठेवते तोच दासोमचा आला.

"आई, कुठं आहात? सूप आणून ठेवलंय."

"आलोच," ओक्सून म्हणाली. "जरा हवा खातोय. तुझे बाबा देखावा दाखवतायत."

जेग्यू उठला. नामगुंगांसमोर जाऊन उभा राहिला आणि कंबरेत इतका वाकला, की टायमधली पिन गवतात पडली.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "मंगळवारपासून. मेकॅनिकनं सांगितलं होतं, कोणाला बसवू नका. तरी मी तुम्हाला बसवलं."

नामगुंगांनी बायकोकडे पाहिलं. बायको गाडीकडे बघत होती. कोपर मांडीवर स्वस्थ पडलं होतं. त्यांनी मोठा श्वास घेतला, चार तास पाण्याखाली राहून वर आलेल्या माणसासारखा.

"मलाही माहीत होतं," ते म्हणाले. "स्टेशनातच वास आला. पुलावर तर तुमचा गुडघाही दिसला. तीनदा उचललात."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलायची बंदी होती." ते बायकोकडे न बघता म्हणाले. "ग्युजिनचं आधी एक स्थळ होतं. जेवायला बसलो. मुलीच्या वडिलांच्या डोक्यावरचा खोट्या केसांचा टोप सरकला होता. त्यांच्या भल्यासाठी मी सांगितलं. सगळ्यांसमोर. त्यानंतर फोन आला नाही. माझा धंदाच तसा हो, लोकांचे पियानो लावून द्यायचे. दिवसभर कुठला सूर पडलाय तेवढंच शोधायचं आणि सांगायचं."

"तुमच्या घरी पाच पियानो आहेत ना?"

"दुरुस्तीला आलेत. एकही आमचा नाही."

"आज काय वाट्टेल ते झालं तरी ब्र काढायचा नाही, असं मीच बजावलं होतं," ग्युजिनची आई म्हणाली. तिच्या नाकाखाली काजळीची मिशी आली होती. "म्हटलं, गाडीची स्तुती करा आणि गप्प बसा."

"केली की स्तुती," नामगुंग म्हणाले. "वायपरची केली."

पहिल्यांदा कोण हसलं ते सांगता येणार नाही. ओक्सून असावी, कारण तिला हसू आलं की उचकी लागते आणि उचकी ऐकू आली होती. जेग्यू हसला नाही. तो गवतात खाली बसला, त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि त्याचे खांदे हलत राहिले. नामगुंग त्याच्याजवळ सरकले. काय बोलावं ते त्यांना सुचेना. बंदी उठली होती तरी.

"आग लागलेलं घर भरभराटीला येतं म्हणतात," ग्युजिनची आई म्हणाली.

"ते घराचं," नामगुंग म्हणाले. "गाडीचं नाही."

कोपर सवयीनं हललं, पण लागलं नाही.

बंब आला. पांढरा फेस उडाला, लोखंड चरचरलं, आणि जेग्यूच्या गाडीच्या जागी काळ्या चिखलात रुतलेला एक सांगाडा राहिला. हेल्मेट घातलेला एक तरुण अधिकारी कठड्यापाशी आला. त्यानं चौघांना आळीपाळीनं पाहिलं: दोन काळवंडलेले सूट, फाटलेला स्कर्ट, बायकांच्या पायांत मिळून एक जोड.

"गाडी कोणाची?"

"माझी," जेग्यू उभा राहिला.

"आणि हे दोघं? तुमचे कोण?"

पाहुणे म्हणावं तर पाहुण्यांना कोणी असं भाजत नाही. ओळखीचे म्हणावं तर ओळख आजचीच. आणि ज्या शब्दासाठी दोन वर्षं गाडी जपली, तो जेवणाआधी उच्चारायचा नसतो. तो उच्चारायचा हक्क मुलाकडच्यांचा, तोही जेवणाअखेर फळं आल्यानंतर. अधिकारी वाट बघत होता. ओक्सूननं ग्युजिनच्या आईचा हात धरला होता, किंवा तिनं हिचा.

नामगुंग गुडघ्यावरचं गवत झटकून उठले. बायकोकडे त्यांनी पाहिलं नाही.

"व्याही," ते म्हणाले.

अधिकाऱ्यानं मान हलवली. त्याच्या दृष्टीनं एवढंच होतं. "बरं. कोणाला लागलंबिगलं नाही ना? आणखी काही सांगायचंय?"

जेग्यूनं कोटाचं उरलेलं बटण लावलं, टाचा जुळवल्या आणि घसा साफ केला. कारखान्यात मालकांपुढं उभा राहून बोलायचा तोच आवाज त्याच्या गळ्यातून बाहेर आला.

"एक विनंती आहे, साहेब. उभय कुटुंबांचं भोजन आधी यथासांग पार पडलं, आणि सदर आग त्यानंतर लागली, या क्रमानं आजची दुपार झाली असल्याचं आपल्या खात्यानं कृपया मान्य करावं. आणि आमचं सूप संपेपर्यंत गाडी जळण्यास स्थगिती देण्यात यावी."